त्याच्या गावीही नाही

उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले की मी दौंडला जायचं टाळते. अम्मीला फोनवर जे कारण सांगते ते खोटं नसतं. शिरूरहून सुटलेली एसटी न्हावऱ्याच्या पुढं दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं अडकते आणि दोन तासांच्या वाटेला तीन तास लागतात. "गाळप संपू दे, मग येते," म्हणते मी. पण खरं कारण वासाचं आहे. चौफुल्याच्या अलीकडं-पलीकडं गुऱ्हाळं पेटलेली असतात, काहिलीत रस उकळत असतो, आणि तो गोड, जरासा करपलेला वास बसच्या खिडकीतून आत आला की मला आमच्या दौंडच्या घरातली पुढची खोली दिसते. टीव्हीसमोर अंथरलेली सतरंजी दिसते, आणि सतरंजीवर ठेवलेलं एक पांढरंशुभ्र यंत्र.

त्या हिवाळ्यात मी ब्रेकवर होते. रांजणगावात ज्यांनी कंत्राटावर काम केलंय त्यांना हा शब्द समजवावा लागत नाही. सात महिने भरले की तुम्हाला घरी बसवतात. मग दोन-तीन महिन्यांनी फोन आला तर तुमचं नशीब. मी एका कारखान्यात क्वालिटीला होते. लाईनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, मापायचा, आणि ओकेचा हिरवा किंवा रिजेक्टचा लाल टॅग लावायचा. दिवसभर हेच. एरवी मी शिरूरला फुफीकडं, म्हणजे अब्बांच्या बहिणीकडं, राहायची आणि कंपनीच्या बसनं जायची-यायची. ब्रेक लागला की पिशवी भरून दौंडला अम्मी-अब्बांकडं.

घरी बसलेल्या मुलीचे हात रिकामे राहात नाहीत, पण डोकं रिकामं राहतं. पहिल्या आठवड्यात मी अम्मीच्या डब्यांच्या झाकणांनासुद्धा मनातल्या मनात टॅग लावत होते.

माझा भाऊ सोहेल माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला मी भाई म्हणते. स्टेशनजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात तो कामाला होता आणि फावल्या वेळात नव्या मोबाईलची मराठीतून माहिती देणारे व्हिडिओ करायचा. बघणारे फार नव्हते, पण जे होते ते त्याच्या आवाजासाठी यायचे. आवाज खरंच चांगला. लहानपणी फलाटावरच्या सूचना तो अशा हुबेहूब म्हणायचा की अब्बांचे रेल्वेतले मित्र त्याला मुद्दाम बोलवून म्हणायला लावायचे. वाईट माणूस नाही तो, हे मला आधीच सांगायला हवं. माझ्या डिप्लोमाच्या वेळी, 'मुलीला मशिनी शिकवून काय करायचं' म्हणणाऱ्या अख्ख्या घराला त्यानंच गप्प केलं होतं. राग धरायचा तर सोयीचा माणूस मिळावा लागतो. मला तो मिळाला नाही.

डिसेंबरात पुण्याच्या एका जाहिरात कंपनीनं भाईला ते यंत्र पाठवलं. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेमचा कन्सोल, अगदी नवा. पंधरा दिवस वापरायचा, त्यावर मराठीत बोलायचं, आणि जसा आला तसा खोक्यात घालून परत पाठवायचा. त्यांना म्हणे गावाकडचा प्रेक्षक हवा होता.

"काय करतं हे?" अम्मीनं लांबूनच विचारलं.

"गेम खेळायचं हाय, अम्मी."

"मोबाईलवर खेळत्यात की सगळी."

"ते फुकटातलं. हे असली हाय."

अम्मीनं त्याचा पांढरा रंग बघितला आणि असली-नकलीचा विषय सोडून एकच म्हणाली, "ह्याला पुसणार कोण?"

दुसऱ्या दिवशी भाईनं कॅमेरा लावला आणि बोलायला सुरुवात केली. मी दारात उभी राहून ऐकत होते. पडद्यावर किती ठिपके, सेकंदाला किती चित्रं, आत कुठली चिप. मला हसू आलं.

"भाई, हे तर खोक्यावरच लिहिलंय. ज्याला घ्यायचंय तो खोकं वाचंल की."

"मग काय सांगू?"

"वापरून बघ."

"मला गेम न्हाई येत."

"मला बी न्हाई येत," मी म्हणाले. "पण मला तपासता येतं."

अब्बा रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडं दोन कोऱ्या डायऱ्या उरल्या होत्या, त्यांतली एक मी घेतली. आमच्या कंपनीत सुपरवायझर मॅडम होत्या. त्या नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायच्या: पार्ट हातात घेण्याआधी तो कुणाच्या गाडीला लागणार आहे ते विचारा. मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'वापरणार कोण?' आणि खाली आमच्याच घराची माहिती लिहिली. दोन खोल्या, चार माणसं, बत्तीस इंची जुना टीव्ही, मोबाईलचं नेट, गुरुवारी लाईट जाते.

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते की काय, हा विचार मला आजही चिडवतो.

सकाळची कामं उरकली की मी सतरंजीवर बसायची. भाई दुकानात गेलेला असायचा. दोन्ही हातांत धरायचं ते रिमोटसारखं, त्याला कंट्रोलर म्हणतात, ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी सवयीनं ते उजेडात फिरवलं. कुठं सांध्याची रेघ नाही, कुठं कडा बोचत नाही. मग त्यात आधीच भरून आलेला गाडीचा खेळ लावला. गाडी डांबरावरून मुरमावर उतरली आणि माझ्या तळहाताला खडी लागली. मी दचकून कंट्रोलर खाली ठेवला, मग हळूच पुन्हा उचलला. गाडी पाण्यातून गेली की वेगळी थरथर, लाकडी पुलावरून गेली की वेगळी. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात एका माणसानं बसून तळहाताला पूल कसा लागावा याचा विचार केला होता. मी रोज शेकडो पार्ट हातात घेतले होते, पण माझ्या हाताचा विचार करून बनवलेलं असं काही कधी धरलं नव्हतं. डायरीत लिहिलं, 'पकड आणि थरथर: ओके. ओकेच्या वर काही असेल तर ते.'

शेजारच्या नलूताई डोकावल्या. पन्नाशीच्या, भाजीचा गाळा चालवणाऱ्या. त्यांच्या हातात कंट्रोलर दिला तर त्यांनी तो मुसळासारखा धरला.

"आगं रेहाना, ह्याला बिरेक कुठं हाय?"

"डावं बोट दाबा, ताई."

"डावं कंचं? आरं आरं आरं, गेली बया इहिरीत!"

गाडी समुद्रात गेली होती. नलूताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि पुढचे चार दिवस दुपारी न चुकता आल्या. त्या काय चुकतात ते मी लिहून घेत होते. अक्षरं इतकी बारीक की त्यांना चष्मा लावूनही दिसत नव्हती. ती मोठी करायची सोय होती, पण ती शोधायला मलाच अर्धा तास लागला. भाषांच्या यादीत जगातल्या कितीतरी भाषा होत्या, मराठी नव्हती. कंट्रोलर एकच, त्यामुळं दोघांनी खेळायचं तर एकानं बघत बसायचं.

अब्बांची तपासणी वेगळी होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आयुष्यभर ते असेच मशिनी ऐकत आले होते. आम्ही सगळे गप्प बसलो.

"पंख्याचं बेअरिंग चांगलं हाय," ते म्हणाले. "पण धूळ खाल्ल्यावर बघ."

मी बघितलं. आमच्याकडं हिवाळ्यात कारखान्याच्या धुराड्यातून चिपाडाची काजळी येते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, ताटातल्या भातावर. आठव्या दिवशी त्या पांढऱ्या यंत्राच्या जाळीत काळी रेघ दिसायला लागली आणि पंख्याचा सूर चढला. गुरुवारी ऐन खेळात लाईट गेली. परत आल्यावर यंत्रानं वीस मिनिटं स्वतःचीच तपासणी केली आणि माझा तीन दिवसांचा खेळ पुसून टाकला. सीडी घालायची सोय नव्हती, सगळं नेटवरून उतरवायचं. एक खेळ नव्वद जीबीचा. आमच्या रिचार्जमध्ये दिवसाला दोन जीबी. म्हणजे एक खेळ घरात यायला पंचेचाळीस दिवस, आणि तेवढे दिवस घरात कुणीच मोबाईल बघायचा नाही.

शेवटी मी गच्चीत उन्हाला बसून सगळं एकसलग लिहून काढलं. कागदावर काजळी पडत होती, ती फुंकत लिहिलं. लाल टॅगही नव्हता द्यायचा आणि हिरवाही. यंत्रात खोट नव्हती. मग खोट कुठं होती? बराच वेळ पेन्सिल चावून मी लिहिलं: 'बनवणाऱ्यानं जीव ओतलाय. पण त्याला वाटतं की लाईट कुठंच जात नाही, नेट सगळीकडं तारेनं येतं आणि प्रत्येक घरात एक खोली रिकामी असते. यंत्र आपल्याला विकलं जातं. पण आपण त्याचे गिऱ्हाईक आहोत, हे त्याच्या गावीही नाही.'

ते शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी उठून गच्चीत दोन फेऱ्या मारल्या. माझ्या हातून असं काही आधी झालं नव्हतं.

भाईनं वाचलं. दोनदा वाचलं. "आयला," एवढंच म्हणाला.

दुपारी रेकॉर्डिंग झालं. आमचं घर रुळांजवळ, त्यामुळं दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बोलायचं. मी कॅमेऱ्यामागं डायरी धरून उभी. तो अडखळला की मी सांगायची. शेवटच्या वाक्याला तो घाई करत होता.

"तिथं थांब, भाई. श्वास घे. 'गिऱ्हाईक आहोत' म्हण, मग थांब, मग पुढचं."

त्यानं तसं म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्या डोक्यातलं वाक्य हवेत उभं होतं, माझ्यापेक्षा चांगल्या आवाजात. तो आनंद खरा होता. आज किती राग आला तरी तो मला खोटा पाडता येत नाही. मग भाईनं कॅमेऱ्याकडं बघून, कागदावर नसलेलं एक वाक्य हसत हसत जोडलं: "आणि हो, माझ्या बहिणीचे आभार. तिच्या हातच्या चहाशिवाय हा व्हिडिओ झालाच नसता."

कॅमेरा बंद झाल्यावर मी म्हणाले, "लिहिलं मी, असं म्हण की."

"आगं, कुणी लिहिलं ते कोण बघतंय? आन् परत घ्यायचं तर गाडीचा टाइम झाला."

गाडी खरंच आली. खिडकीच्या काचा हलल्या. गाडी गेल्यावर पुन्हा विचारायचं मला राहून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. राहून नव्हतं गेलं. मी विचारलं नाही.

यंत्र परत पाठवायच्या दिवशी ते पुसून कोरं करायचं होतं. मी त्यात माझ्या नावाचं खातं उघडलं होतं, इंग्रजी अक्षरांत का होईना, 'रेहाना'. बटण दाबलं. माझं नाव पुसायला त्याला चार मिनिटं लागली. अब्बांनी ब्रशनं जाळीतली काजळी काढून दिली आणि मी ते खोक्यात नीट बसवलं, एकाही कोपऱ्याला धक्का न लावता.

व्हिडिओ पळाला. भाईचे आधीचे सगळे व्हिडिओ मिळून जेवढे लोक आले नव्हते तेवढे एका आठवड्यात आले. स्टेशनबाहेरचा वडापाववाला त्याला बघून ओरडायचा, "काय शेठ, गावी बी न्हाई का?" खाली लोक लिहायचे: शेवटचं वाक्य काळजाला लागलं भावा. काय अभ्यास आहे. आणि मधूनच, ताईंच्या चहाला सलाम.

मग फोन आला. मी पुढच्या खोलीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. अब्बा खाटेवर, भाई खिडकीशी. पुण्याच्या त्याच कंपनीतल्या मॅडम. भाईनं स्पीकर चालू केला, आम्हालाही ऐकू यावं म्हणून. त्या मराठीत छान बोलत होत्या. म्हणाल्या, आमच्याकडं वस्तूंची माहिती सांगणारे ढिगानं आहेत, वस्तू तपासून लिहिणारं कुणी नाही. अशा माणसाला आम्हाला कामावर घ्यायचंय. आणि मग सरळ विचारलं, "हे लिहिलंय कुणी? तुम्ही स्वतः?"

भाईनं माझ्याकडं बघितलं. अब्बांनीही बघितलं. त्यांनी मला पंधरा दिवस डायरी घेऊन बसलेलं पाहिलं होतं, डायरी त्यांचीच होती.

"मीच लिहितो, मॅडम," भाई म्हणाला.

माझ्या हातातला घाटा फुटला, त्यातले दोन दाणे मी वाटीत टाकले आणि पुढचा घेतला. एवढंच मी केलं. तोंड उघडायला किती लागतं? तीन शब्द. पण त्या क्षणी मला असं वाटलं की हे आत्ता म्हणणं म्हणजे भावाचा सगळ्यांसमोर कान धरणं. नंतर सांगू, शांतपणे सांगू, तोच सांगेल. 'नंतर' हा शब्द बायकांना कोण शिकवतं कोण जाणे, पण फार लहानपणी शिकवतं.

फोन ठेवल्यावर भाई नाचलाच. अम्मीनं साखर वाटली. अब्बा माझ्याजवळ येऊन बसले आणि वाटीतले चार दाणे उचलून म्हणाले, "रेहाना, तुझं कंपनीत चाललंय. त्याचं अजून कायच न्हाई. कर्जतची माणसं पुढल्या महिन्यात पोरगा बघायला येत्यात."

"माझा ब्रेक चालूय, अब्बा. मला बोलावतील का नाही ते बी माहीत न्हाई."

"बोलावतील," अब्बा म्हणाले. जणू ती कंपनी त्यांचीच होती.

आता मागं वळून बघताना मला कधी कधी वाटतं, भाईपेक्षा मला ते चार दाणे जास्त लागले. भाईनं घाईत खोटं सांगितलं. अब्बांनी विचार करून ते माझ्यापुढं ठेवलं.

भाई डेमू गाडीनं पुण्याला जाऊ-येऊ लागला. कर्जतचं ठरलं. फेब्रुवारीत मला कंपनीनं परत बोलावलं आणि मी शिरूरला आले. पहिल्याच आठवड्यात भाईचा फोन. त्याला एक नवं यंत्र दिलं होतं, हातात धरून खेळायचं, आणि लिहायला काही सुचत नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागं उभी राहून त्याला प्रश्न विचारायची: उन्हात पडदा दिसतो का, बॅटरी संपताना आधी सांगतं का, घाम आलेल्या हातातून सटकतं का. तो बघून सांगायचा आणि मी तोंडी वाक्यं द्यायची. असे तीन लेख झाले. चौथ्या वेळी त्याचा फोन भर शिफ्टमध्ये आला. लाईनवर मोबाईल चालत नाही. मी घेतला, पकडले गेले, आणि सुपरवायझर मॅडमनी लेखी समज दिली. "तुझ्याकडनं ही अपेक्षा नव्हती," म्हणाल्या. नजर मात्र कागदावरच होती.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून मी भाईला फोन केला.

"भाई, आता तिथं सांग. दोघं मिळून लिहितो म्हण. जमलं तर मला बी तिथं घ्यायला सांग."

"आत्ताच तर लागलोय गं. जरा थांब."

"किती?"

"लगीन होऊ दे."

"मग मला न्हाई जमायचं," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी रुसले. मी रुसले नव्हते, थांबले होते. त्यानंतरचं त्यानं स्वतः लिहिलं, म्हणजे खोकं वाचलं. लग्नाआधी महिनाभर त्याला सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. लग्न मोडलं नाही, पण कर्जतच्या माणसांच्या तोंडाची चव गेली ती गेलीच.

मी लग्नासाठी दौंडला गेले तेव्हा अम्मी स्वयंपाकघरात पाठमोरी होती. वळलीही नाही.

"भावाच्या तोंडचा घास काढलास," म्हणाली.

मी अब्बांकडं बघितलं. दारातच बसले होते. त्यांना सगळं माहीत होतं, शेवटच्या शब्दापर्यंत. ते चप्पल घालून बाहेर पडले. मांडववाल्याशी काही बोलायचं होतं म्हणे.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. मी कायम झाले. लाईनवर बारा मुली माझ्या हाताखाली असतात. त्यांतली एक परवा एक वाकडा पार्ट उचलून म्हणाली, "ताई, आपण बी माणसं हाय, हे ह्या मशिनीच्या गावी बी न्हाई," आणि बाकीच्या हसल्या, कारण ते वाक्य सगळ्यांना माहीत आहे. कुणाचं आहे ते माहीत असायचं कारण नाही. मी पार्टला लाल टॅग लावला.

यंदा मात्र ऐन हंगामात दौंडला जावं लागलं. अम्मीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ते नीट झालं. निघायच्या दिवशी दुपारी मी भाईच्या दुकानात गेले. स्टेशनच्या रस्त्याला त्याची आता स्वतःची टपरी आहे. कव्हर, चार्जर, काचा. जाड झालाय. एका मोबाईलवर काच बसवत होता.

"आपला व्हिडिओ अजून चालतोय," तो म्हणाला. "परवा एकानं माझ्यासंगं फोटो काढला."

'आपला' हा शब्द त्यानं पहिल्यांदा वापरला. तो काचेवरचा बुडबुडा कडेला ढकलत म्हणाला, "तू तवाच बोलली असतीस ना, रेहाना. त्या मॅडमच्या फोनवर. मी काय तुझं तोंड दाबलं असतं का?"

पाच वर्षं मीही स्वतःला हेच विचारत होते. त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला पहिल्यांदा दुसरा प्रश्न सुचला.

"मी बोलले असते, तर तू काय म्हणाला असतास?"

त्यानं काच दाबून धरली. खूप वेळ.

"खोटं सांगू?"

"नको."

"म्हणलो असतो, बहीण चेष्टा करती."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "दादा, चार्जर दावा की," आणि भाई वळला. मी पिशवी उचलली आणि स्टँडकडं चालू लागले.

बस न्हावऱ्याच्या अलीकडं थांबली. पुढं उसाची ट्रॉली कलंडली होती. लोक खाली उतरून मोळ्यांतून कांडी ओढत होते, कडाकडा मोडत होते. शेजारच्या मावशींनी मला एक कांडं देऊ केलं, मी नको म्हटलं. मोबाईल काढला, व्हिडिओ लावला, आवाज बंद ठेवून. भाईचे ओठ हलत होते आणि मला प्रत्येक शब्द पाठ होता. खाली हजारो लोकांनी लिहिलेलं होतं. मी कधीच काही लिहिलं नव्हतं. आता लिहिलं: 'यातला शब्द न् शब्द मी लिहिला आहे. रेहाना, दौंड.'

बटण दाबलं. ट्रॉली सरळ व्हायच्या आतच पहिलं उत्तर आलं. कुणीतरी अनोळखी.

'व्हय का ताई? मग आवाज बी तुमचाच आसंल.'

खाली तीन हसरे चेहरे. बघता बघता सहा झाले.

मी ते दोनदा वाचलं. लिहिलेलं खोडायची सोय तिथंच होती, एका बोटाच्या अंतरावर. कंडक्टरनं घंटी वाजवली, लोक उसाची कांडी हातात घेऊन भराभरा वर चढले. मी फोन बंद करून पिशवीत टाकला. ते मी खोडलेलं नाही.